जनूच्या बाजूचं चाक

मोडीत काढलेल्या युद्धनौकेचं एक पोलादी दार भंगारवाल्या भावेशने मानकोलीच्या आपल्या गोदामासमोर चौकटीसकट उभं केलं. दोन्ही बाजूंना एकत्र फिरणारं, उघडायचं-लावायचं गोल चाक असलेलं. नौदलातून निवृत्त झालेले महादूकाका त्या दारापाशी रोज येऊन बसू लागले.

एकाहत्तरच्या लढाईत असंच दार त्यांनी बंद केलं होतं. पाणी शिरलं होतं, हुकूम झाला होता, आणि आत त्यांच्याच दिघाशी गावचा जनू होता. एरवी त्या चाकाला दोघं लागायची. त्या दिवशी ते एकट्याच्या हातांनी फिरलं.

भावेश सकाळी दार उघडून ठेवायचा. दुपारी ते घट्ट लावलेलं असायचं.

"कामगारांचे उद्योग, काका."

"न्हाय रे."

आज काकांनी बंद दाराचं चाक दोन्ही हातांनी धरलं. "भावेश, मागं बघ. कोन हाय?"

भावेश दारामागे गेला. "कोन बी न्हाय, काका. नुसतं आंगण हाय."

"जनू, ये बाहेर," म्हणत काकांनी चाक उघडायच्या बाजूला जोर लावला.

चाक त्यांच्या हातांत उलटं, लावायच्या बाजूला फिरलं. हलकेच, त्या दिवशीसारखं.

"काका," पलीकडून भावेश ओरडला, "हितलं चाक वल्लं हाय!"