पॉलिश केलेले बूट

"आणखी बारीक, मावशी. रिअली शॉर्ट."

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये मावशीच्या घराच्या बेसमेंटमध्ये ऋषी वॉशरच्या बाजूला स्टुलावर बसला होता आणि मृणालिनी त्याच्या डोक्यावरून केस कापायचं मशीन फिरवत होती. अमेरिकेत जन्मलेला हा भाचा कॉलेजच्या फीसाठी आर्मीत गेला, एकदा इराक बघून आला, आणि पुन्हा जायची वेळ आली तेव्हा बॉर्डर ओलांडून मावशीकडे पळून आला. कॅनडाने त्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला होता. देश सोडायची तारीख उलटली, तरी तो इथेच होता, लपून.

"याला जिवंत ठेव, बाकी काही मागत नाही," डेट्रॉइटहून त्याच्या आईने, नीलिमाने, बहिणीला सांगितलं होतं. मृणालिनीने ते फार मनावर घेतलं. बेल वाजली की ती आधी बेसमेंटचं दार ओढून घ्यायची.

तिच्या नवऱ्याला, रवींद्रला, हे अजिबात पटलेलं नव्हतं. "सही करून गेला ना? मग आता पळायचं कशाला?" तो भर जेवणात ऐकवायचा. पोरगा बिचारा मान खाली घालून भात कालवत राहायचा.

वकिलाने तर हातच टेकले होते. पकडला गेला तर सरळ अमेरिकन आर्मीच्या ताब्यात देतील, वर्षभर जेल आणि मग आर्मीतून हकालपट्टी, असं त्याने सांगितलं.

मागच्या आठवड्यात ऋषीच्या तुकडीतल्या डॅनीचा फोन आला. ते सगळे पुन्हा इराकला निघाले होते.

"दे लीव्ह नेक्स्ट ट्यूजडे," ऋषी म्हणाला. "विदाउट मी."

"सुटलास रे बाबा!" मृणालिनी म्हणाली.

तो हसला नाही. दिवसा खिडकीशीसुद्धा न फिरकणारा हा मुलगा दुसऱ्या दिवसापासून भल्या पहाटे बर्फात धावायला जाऊ लागला.

मशीन बंद करून मृणालिनीने जमिनीवरचे केस झाडले. झाडताना तिला पलंगाखाली त्याचे आर्मीचे बूट दिसले. आला त्या दिवशी त्याने ते गराजमध्ये भिरकावले होते. आता ते पॉलिश करून नीट जोडीने ठेवले होते.

"थँक्स, मावशी. फॉर एव्हरीथिंग," म्हणत त्याने तिला मिठी मारली. तो काही मिठ्या मारणारा मुलगा नव्हता. ती मशीन घेऊन वर गेली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, इमिग्रेशनचे दोघे दारात उभे राहिले. ऋषीने काही विरोध केला नाही. मृणालिनीने त्याच्या अंगावर जाड स्वेटर चढवला. गाडी वळून दिसेनाशी झाली.

फोनवर नीलिमा नुसती किंचाळत होती. "तुझ्या नवऱ्यानेच चुगली केली! पहिल्यापासून त्याच्या डोळ्यांत खुपत होता माझा मुलगा!"

मृणालिनीने शांतपणे फोन ठेवला. रवींद्र बेसमेंटच्या पायरीवर मटकन बसला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मृणाल, आईशपथ सांगतो, मी नाही फोन केला. कितीही बोललो, तरी इतका वाईट नाही मी."

ती खाली गेली, बूट उचलून आणले आणि गार्बेज बॅगमध्ये टाकून तोंड घट्ट बांधलं.

"माहीत आहे. मीच केला," ती म्हणाली. "उद्या तो आपल्या पायांनी तुकडीत परत जाणार होता. जेलमधून कुणाला इराकला नेत नाहीत."