उजवी सीट

"रिक्का बसली की गाडी सुतासारखी सरळ पळते," कौको म्हणाला आणि त्याने वेलचीचा पाव कॉफीत बुडवला.

त्याच्या बायकोने, तेल्लेर्वोने, हातातला कप खाली ठेवला. सतरा वर्षं नवऱ्याच्या उजवीकडे बसून, मांडीवर वही धरून, पुढचं वळण कुठलं, टेकाडापलीकडे गाडी उडणार की नाही, हे तीच ओरडून सांगत आली होती. जंगलातल्या कच्च्या रस्त्यांच्या शर्यतीत चालवणाऱ्याचे हात आणि वाचणारीचा आवाज यांचा जोडा जमावा लागतो. यांचा जमला होता. संसाराचंही इतकं धड जमलं नव्हतं.

आणि शनिवारी ती बहिणीकडे ब्लूबेरी तोडायला काय गेली, याने नवे शॉकअप तपासायला टायरच्या दुकानातली रिक्का शेजारी बसवली. अठ्ठावीस वर्षांची, अंगाने काडी. तेल्लेर्वोला ती पोरगी एरवी आवडायची. आता तिचं नाव निघालं तरी अंगाचा तिळपापड होत होता.

"आणि मी बसले की?"

"उजवीकडून दबते. डाव्या वळणावर तर पोट घासतं तिचं."

"म्हणजे गाडीलाही तरुण पोरीच लागतात म्हण की."

कौको काही बोलला नाही. फिनलंडात पुरुषमाणूस गप्प बसला तर कुणी वाईट वाटून घेत नाही. तेल्लेर्वोने घेतलं.

गाडीचं हे दबणं जुनंच होतं. कौकोने दोनदा स्प्रिंगा बदलल्या, सगळे रबरी बुश उपटून नवे ठोकले, शेवटी हे महागडे शॉकअप आणले. दर वेळी तो गाडीखालून हसत बाहेर यायचा आणि पहिल्या शर्यतीनंतर तोंड पाडून परत खाली जायचा. तेल्लेर्वोला त्या स्प्रिंगांचाही हेवा वाटायचा. तिच्या गुडघ्यासाठी त्याने कधी इतकी धावपळ केली नव्हती.

कॉफी झाल्यावर तो गॅरेजमध्ये गेला. थोड्या वेळाने तीही वही घेऊन निघाली. कुणी ऊठ म्हणायच्या आत आपणच उठावं, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

गाडीच्या चारही चाकांखाली वजनकाटे होते. स्प्रिंगा कमी-जास्त कसायच्या तर आत दोन माणसांचं वजन लागतं. माणसं काही तासन्‌तास बसत नाहीत, म्हणून सीटवर वाळूच्या पिशव्या. डावीकडे हा ढीग, उजवीकडे मोजक्याच. भिंतीवर खडूने लिहिलं होतं: कौको ८४, उजवी सीट ५२.

नाव लिहायचीही लाज वाटली मेल्याला, तिला वाटलं.

"रिक्काच्या मापाने गाडी बसवतोयस," ती म्हणाली. "तोंडावर सांगायचं होतंस. शिव्या घातल्या असत्या, पण वही दिली असती."

कौको पाना घेऊन गाडीखालून बाहेर आला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"रिक्का कुठून आली? बावन्न म्हणजे तू. पहिल्या शर्यतीच्या अर्जावर तूच लिहिलं होतंस."

तेल्लेर्वोला तो दिवस आठवला. तो अर्ज तिने टेबलाशी उभी राहून भरला होता, मागे रांगेत सगळे गावातले पुरुष डोकावत होते. बावन्न तेव्हाही खरं नव्हतं.

"इतकी वर्षं हाच आकडा धरलास?"

"हाच." कौको हात पुसत राहिला. "गाडीचं एकेक हाड बदलून पाहिलं, तरी दबतेच. म्हटलं, आता आपल्याच हातात राम उरला नाही. म्हणून त्या पोरीला बसवलं. तिच्याबरोबर सरळ पळाली, तर डोकंच चालेनासं झालं. पुढच्या महिन्यात विकून टाकावी म्हणतो."

"सगळं तपासलंस, आणि हा आकडा तेवढा नाही?"

"तो कशाला तपासायचा? तो तू सांगितलेला."

तेल्लेर्वो उजव्या सीटवरच्या पिशव्यांकडे बघत राहिली. कान तापले होते, आणि या वेळी रिक्कामुळे नव्हे.

"कौको," ती शेवटी म्हणाली, "तिथं अजून एकोणीस किलो टाक."