सत्तावीस वेळा

"हेच साधन घेऊ," साकेत म्हणाला. "हा लाल ठिपका बघ. अहवालात किती ठसठशीत दिसेल!"

उर्वशीच्या स्क्रीनवर शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या त्यांच्या संस्थेच्या वेबसाइटचं एक पान होतं. फवारताना विषबाधा झाली तर काय करायचं, हे सांगणारं. लोक मोबाइलवर जिथं जास्त बोटं लावतात, तिथं हे साधन लाल रंग चढवायचं. बाकी सगळं पान फिकट निळं होतं. मदतीचा नंबर तेवढा लालभडक.

२०१७चा सप्टेंबर होता. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारण्या थांबत नव्हत्या आणि रोज कुणी ना कुणी दवाखान्यात पोचत होतं. पान पाहणारे खूप वाढले होते. फोन मात्र दिवसाकाठी एखादाच यायचा. लोकांचं वाचूनच भागतं, असं प्रकल्पप्रमुख म्हणून साकेतनं गृहीत धरलं होतं.

"सर, दुसरंही एकदा पाहून घेऊ," उर्वशी म्हणाली. घाटंजीची ही मुलगी वेबसाइट एकटीच सांभाळायची. दुसरं साधन एकेका माणसाच्या बोटाचा प्रवास चित्रफितीसारखा दाखवायचं. नाव नाही, गाव नाही. पानावर फिरणारा एक ठिपका फक्त.

तिनं बारा दिवसांपूर्वीची एक फीत लावली. पान उघडलं. ठिपका सरळ नंबरापाशी आला आणि टेकला. पुन्हा टेकला. मग भराभर, एकाच जागी. उर्वशी मोजू लागली. सत्तावीसनंतर तो थांबला. पान पुढं चाळीस मिनिटं नुसतंच उघडं होतं.

"काय करतोय हा?" साकेतनं विचारलं.

उर्वशीनं आपला मोबाइल काढला, तेच पान उघडलं आणि नंबरावर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. तो नंबर म्हणजे नुसतं चित्र होतं. जूनमध्ये तिनंच मन लावून केलेलं, हिरव्या चौकटीत, शेजारी फोनची आकृती. त्यावरून फोन लागणारच नव्हता.

"फोन लावून राह्यला, सर," ती म्हणाली. ऑफिसात ती असं कधी बोलत नसे. "सगळे फोनच लावत होते."

"हा माणूस कोण, ते शोधता येईल?"

"नाही."

तिनं पुढची फीत लावली. नऊ वेळा. त्यापुढची, चौदा. साकेत उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

त्या चित्रावर कुठंही बोट लावताच फोन लागेल, असं उर्वशीनं करून टाकलं. दहा मिनिटांचं काम होतं. नंतर ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

दुपारी मदतीच्या नंबराचा फोन वाजला.

"बोला, पेशंटला काय होतंय?" उर्वशीनं घाईनं विचारलं.

"लागला का जी?" पलीकडं एक बाई होती. "मले आकडे वाचता येत नाही. पोरीनं जाता जाता पान उघडून देल्लं, अन् फोनचं चित्र दिसे तिथं मी बोट ठेवत होती. रोज ठेवतो."

"मावशी, पेशंट कुठं आहे?"

"पेशंट नाही राह्यला, बाई. पण गावात अजून लोक फवारून राह्यले. त्याइले सांगू का, हा नंबर आता लागते म्हणून?"