तिसरी तक्रार

पुण्याच्या फुटबॉल क्लबानं उमेशला संघातून काढल्याचं सकाळी कळलं, तेव्हापासून पायलचा पाय काही घरात ठरेना. त्याच्या बाहेरच्या दोन मारामाऱ्यांच्या तक्रारींवर क्लबानं नुसती समज देऊन सोडलं होतं. या वेळी मात्र, हा सुट्टीला गावी आला की बायकोला मारतो, असं कुणीतरी थेट कोचच्या कानावर घातलं होतं. ‘घनसावंगीला पोचलो. आलोच,’ एवढाच नवऱ्याचा मेसेज होता. तिनं पिशवीत दोन साड्या भरल्या, काढल्या, पुन्हा भरल्या. सासू गयाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मानही वर केली नाही.

जीप दारात थांबली. उंबऱ्याबाहेरूनच उमेश कडाडला, “कोचला तूच फोन केल्ता न्हाई का? माझ्या पोटावर पाय दिला तू!”

पायल पिशवी घेऊन मागं सरली. शेंगांचं सूप बाजूला सारून गयाबाई उठली आणि दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

“तिला काय विचारून राह्यला? फोन म्या केल्ता.”

“माय, तू?”

“हाव. तुह्या बापाला काढायला कोणता क्लब नव्हता रे.”