गुरुवारची हजेरी

मास्तरांनी हजेरीची वही उघडली आणि झडप्याच्या ओळीवरून बोट सरकवत नेलं. अकरा महिने ओळीनं ‘हजर’ आणि कालच्या गुरुवारी कोरं. काल फुली मारायला त्यांचा हातच धजला नव्हता. येईल उशिरानं, असं म्हणत त्यांनी खेळ संपेपर्यंत वाट पाहिली आणि शेवटी वही तशीच मिटली.

आज सकाळी बातमी कानावर आली. मैदानामागच्या गल्लीतलं सायकलवाल्याचं दुकान काल पाच-साडेपाचला कुणीतरी लुटलं. म्हातारा आडवा आला तर त्याला ढकलून दिलं. त्याचं डोकं फुटलं आणि तो अजून शुद्धीवर नव्हता.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर दिवसभर बायकोच्या पायात पायात करण्यापेक्षा मैदान बरं, म्हणून त्यांनी फुटबॉल खेळायला पोरं गोळा केली. पोरं कसली, एकेक नमुना! कुणी खिसे कापलेले, कुणी कुलपं तोडलेली. न्यायाधीशांनी सुधारगृहाऐवजी मास्तरांच्या हवाली केलेली. अट एकच, रोज चार ते सहा मैदानावर दिसलं पाहिजे. आणि ते दिसलं की नाही, हे ठरायचं मास्तरांच्या वहीवरून. त्या वहीबद्दल कोर्टात कधी कुणी शंका काढली नाही. मास्तरांनी सख्ख्या पुतण्यालाही गैरहजर लिहिलं होतं आणि त्यापायी भावाचा सहा महिने अबोला सोसला होता.

झडप्या त्यांचा गोलकीपर. “पूर्वी बायकांच्या पर्सवर झडप घालायचा, आता चेंडूवर घालतो, एवढाच काय तो फरक,” असं मास्तर हसत सांगायचे. पण त्यांचा या पोरावर फार जीव होता. त्याचे फाटके हातमोजे ते घरी नेऊन बायकोकडून शिवून घ्यायचे. “माझ्या माहेरच्यांसाठी कधी एवढी धावपळ केली नाहीत,” असं ती म्हणायची आणि टाके मात्र दुहेरी घालायची.

चारला दहा कमी असताना झडप्या आला, नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी. कोपर सोललेलं होतं. खालचा ओठ सुजला होता.

“काल कुठे उलथला होतास?”

पोरगं खाली बघत राहिलं. “आत्ता नाही सांगता येणार, मास्तर.”

“आणि हाताला काय झालं?”

“पडलो.”

“कुठे?”

त्यानं कोपर पाठीमागे लपवलं. मग हळूच म्हणाला, “वहीत फुली मारलीत का?”

अकरा महिन्यांत त्यानं वहीची चौकशी कधी केली नव्हती.

“जा, गोलात उभा राहा.”

“पण मास्तर, फुली...”

“जा म्हटलं ना!”

तो गेला. मास्तर पत्र्याच्या खोलीत, जाळ्या आणि चेंडूंच्या पसाऱ्यात, स्टुलावर बसून राहिले. या वेळी त्याला नेलं तर तो तीन-चार वर्षं परत येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी असाच एक पोरगा आत गेला होता. सुटून आल्यावर तो रस्त्यात मास्तरांना ओळख न दाखवता निघून गेला. त्या दिवशी मास्तर जेवले नव्हते.

त्यांनी पेन उघडलं आणि गुरुवारच्या रकान्यात ‘हजर’ लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. चूक पोराची असेल, पण त्याला असा वाऱ्यावर सोडायला त्यांचं मन तयार होईना.

सव्वाचारला फौजदारबाई आल्या. पोरांची चौकशी करायला त्या महिन्यातून एकदा यायच्याच, पण आज त्यांची यायची तारीख नव्हती.

“मास्तर, झडप्या काल इथं होता?”

“होता की.”

“किती वेळ?”

“चार ते सहा. गोल सोडून जागचा हलला नाही.”

“नीट आठवून सांगा. मध्ये पाणी प्यायला वगैरे कुठे बाहेर गेला असेल?”

“बाई, मला अजून म्हातारचळ लागलेला नाही.” मास्तरांनी वही त्यांच्यापुढे सरकवली.

बाई त्या रकान्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी मास्तरांचं म्हणणं कागदावर उतरवून घेतलं. मास्तरांनी खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच ते असं धडधडीत खोटं बोलले होते, आणि तरी त्यांना हलकं वाटत होतं.

बाहेर झडप्यानं एक चेंडू अडवला आणि उठता उठता खोलीकडे पाहिलं.

“पोरगा चांगला आहे हो,” मास्तर म्हणाले. “जरा विश्वास ठेवा त्याच्यावर.”

बाईंनी कागदाची घडी घातली.

“ठेवला होता,” त्या म्हणाल्या. “काल सहाला धापा टाकत आपल्या पायांनी ठाण्यात आला. घरच्या कामानं उशीर झाला, म्हणून मागच्या गल्लीतून मैदानावर धावत येताना त्यानं तो चोर पाहिला होता, त्याच्याशी झटापटही केली म्हणे. त्यानं नाव सांगितलं, त्या माणसाला आम्ही पकडलंही. दुसरा साक्षीदार नाही, म्हणून कुणाजवळ बोलू नकोस असं मीच बजावलं होतं. मी त्याला विचारलं, तू तेव्हा मैदानावर नव्हतास हे कोर्टाला कोण सांगणार? तर म्हणाला, मास्तर सांगतील, ते माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलायचे नाहीत.”