कपाळावरच्या रेघा

लिनोलियमच्या तुकड्यावर राखलेली प्रत्येक रेघ जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद होती. छापचित्रांच्या वर्गातला पहिलाच धडा होता: कोरलेला भाग कोरा राहतो, उंच राहिलेला छापला जातो. म्हणून भोवतालचं कोरून मी दिवंगत आईच्या कपाळावरच्या सुरकुत्या श्वास रोखून वाचवल्या होत्या. आज शाई फिरवली, कागद दाबून उचलला, तर कपाळ पांढरंफटक. "काल मीच कोरून साफ केलं," नवरा चहा ढवळत म्हणाला. "मधेमधे कचरा राहिला होता. तुझं सगळं अर्धवट." "विचारायचं तरी." "त्यात काय विचारायचं? उलट सासूबाई तरुण झाल्या. उपकार मान." प्रयोगशाळेतल्या नोकरीचा माझा राजीनामाही त्याने असाच परस्पर पाठवला होता, माझी दगदग वाचावी म्हणून. तेव्हापासून एक वाक्य ओठांशी येऊन परतत होतं. मी हात पुसले आणि म्हणाले, "मला आता तुझ्याबरोबर राहायचं नाही."