दुसऱ्या राज्याचं पाणी

श्रीकांत नागपूरहून सौंसरला परतला, तो पाण्याची बाटली तशीच घेऊन. बुचावरची लाखसुद्धा कोणी फोडली नव्हती. आरोग्य खात्यातली नोकरी नवी, म्हणून संतापही ताजा. मोटारीतून उतरला आणि तडक कन्हानच्या काठी गेला. तोंड चुकवणं त्याला कधी जमलंच नाही.

देवकाबाई रेतीतल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाण्याची पितळी गुंडी भरत होती. वरच्या अंगाला मँगनीजची खदान, आणि खदानीचं काळं धुवण नाल्यानं सरळ नदीत. तिचा मुलगा वसंत खदानीत पाऊल टाकायला कधी गेला नव्हता, पाणी तेवढं हेच प्यायचा. तरी त्याचे हात असे कापत की चहाची बशी ओठाशी येईस्तोवर रिकामी. पाण्यात धातू आहे असं सरकारनं लिहून दिलं, तर विहीर खोदून देतो, असं खदानवाला चारचौघांत बोलून बसला होता.

"काय निघालं साहेब पाण्यात?"

"तपासलंच नाही, मावशी. प्रयोगशाळेचे साहेब म्हणे, नोव्हेंबरच्या एक तारखेपासून नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्यप्रदेशात राहिलं. दुसऱ्या राज्याचं पाणी आम्ही घेत नाही, भोपाळला पाठवा."

"आन् भोपाळात कोनाकडे?"

"तेच तर विचारून राहिलो सगळ्यांना. कोणालेच ठाऊक नाही."

"आवं माय! पोळ्यापर्यंत तं नागपूर आपलंच होतं." देवकाबाईनं वाटी खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत. "इतक्या दूर गेले तुमी. त्या साहेबानं पानी तरी पाजलं का?"

"पाजलं. नळाचं, थंडगार..." श्रीकांत बोलता बोलता थांबला. नागपूरच्या नळाला पाणी कुठलं, तर कन्हानचंच. इथूनच वाहत गेलेलं, खाली उपसलेलं.

देवकाबाईला ते सांगावं लागलं नाही. तिची लेक नागपुरात दिली होती.

"तपासत नाही म्हना, पेतेत मात्र!" ती म्हणाली. "ओता ते बाटली नदीत. आपसूक पोचंन साहेबाच्या गिलासात."

मग तिनं गुंडी डोक्यावर घेतली. घरी वसंत तहानेला बसला होता.